तांड्याशी केलेला करार: फौजेचं धान्य वाहणाऱ्यांची गोष्ट

बोरगाव मेघेवरून मी बोलतोय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा नेहमीप्रमाणे भागाचा लेखी मजकूर. बोलताना जिथे अडखळलो तेवढं काढून टाकलंय, बाकी जवळपास तसंच आहे.

आजचा शब्द आहे थर्ड पार्टी लॉजिस्टिक्स. ऑफिसात याला थ्री-पी-एल म्हणतात. अर्थ साधा आहे. माल माझा, गिऱ्हाईक माझं, पण गोदाम, गाडी आणि माणसं दुसऱ्याची. तुमच्या दारात जो पोरगा पार्सल घेऊन येतो तो बहुतेक वेळा त्या ॲपचा नोकर नसतो, मधे एक-दोन कंपन्या असतात. मॅनेजमेंटच्या पुस्तकात ही कल्पना गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतली म्हणून शिकवतात. शब्द नवा असेल, पण काम खूप जुनं आहे. आपल्या दख्खनेत आणि वऱ्हाडात शेकडो वर्षं मोठमोठ्या फौजांनी आपलं धान्य वाहायचं काम बाहेरच्या लोकांना दिलं होतं. ते लोक म्हणजे बंजारा, म्हणजेच लमाण. त्यांची वाहतूक कंपनी म्हणजे तांडा आणि कंपनीचा प्रमुख म्हणजे नायक.

आज आपण बघू की ह्या तांड्याशी वेगवेगळ्या सत्ताधीशांनी कसे करार केले, कुठला करार चालला, आणि काम संपल्यावर तांड्याचं काय झालं. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून शेवटपर्यंत थांबा.

आधी यंत्रणा समजून घेऊ

विचार करा, रेल्वे नाही, डांबरी रस्ता नाही. दख्खनेत बऱ्याच ठिकाणी बैलगाडी जाईल असा रस्तासुद्धा नाही. धान्य स्वस्त, पण वजनाला जड. भाड्याने बैल घ्यायचे, त्यांना रोज चारा विकत घालायचा, तर थोड्याच मुक्कामांत वाहतुकीचा खर्च धान्याच्या किमतीच्या वर जाणार.

बंजारांनी हा हिशोबच बदलला. त्यांचे बैल पाठाळाचे, म्हणजे पाठीवर दोन बाजूंना गोणी टाकून चालणारे. गाडी नको, रस्ताही नको, पायवाट पुरे. चारा विकत घ्यायचा नाही, बैल वाटेवरच्या गायरानात चरत चरत जाणार. बायकापोरं, कुत्री, भांडीकुंडी, सगळं सोबत. घर आणि धंदा एकाच जागी, आणि ती जागा रोज हलणारी. त्यामुळे वेग कमी, पण दर इतका खाली की दुसऱ्या कुणाला परवडणारच नाही.

पीटर मंडी नावाचा इंग्रज प्रवासी १६३२ साली उत्तर हिंदुस्थानात फिरत होता. त्याला वाटेत एक तांडा भेटला. त्याने लिहून ठेवलेला बैलांचा आकडा आहे १४,०००, आणि दिवसाची चाल सहा-सात मैल. तावेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या त्याच शतकातला. तोही दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांबद्दल लिहितो. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला की प्रवाशांना तो पूर्ण जाईपर्यंत दोन-तीन दिवस खोळंबावं लागायचं म्हणे.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा. हे बैल चरत चालतात. म्हणजे गवत आणि पाणी फुकट मिळणं हा ह्या धंद्याचा पाया आहे. ते बंद झालं की दर कोसळणार, धंदा कोसळणार. पुढे हे आपल्या कामाला येईल.

पहिला करार: साखळदंड

सुरुवात दिल्लीपासून करू. अलाउद्दीन खिलजी (१२९६ ते १३१६) याला मोठी फौज ठेवायची होती आणि पगार कमी द्यायचा होता. म्हणून त्याने दिल्लीत धान्याचे भाव बांधून टाकले. पण भाव बांधून धान्य येत नाही, ते वाहून आणावं लागतं. वाहणाऱ्यांना बांधलेला दर परवडेना.

मग काय केलं? झियाउद्दीन बरनी हा इतिहासकार सांगतो की वाहतूकदारांच्या प्रमुखांना पकडून बाजाराचा अधिकारी मलिक कबूल याच्यासमोर साखळदंडात उभं केलं. सगळ्यांनी मिळून एकच गट म्हणून काम करायचं, एकमेकांना जामीन राहायचं, हे मान्य करेपर्यंत सुटका नाही. त्यांच्या बायकामुलांना आणि गुराढोरांना यमुनेकाठच्या गावांत आणून वसवलं आणि वर सरकारी माणूस नेमला. इरफान हबीब यांच्यासारखे इतिहासकार ह्या वाहतूकदारांना बंजारांचे पूर्वसुरी मानतात.

आजच्या भाषेत, व्हेंडरचं कुटुंब ओलीस ठेवून केलेला करार. बरनीच्या म्हणण्यानुसार तो चाललाही, धान्य आलं, भाव टिकले. पण अलाउद्दीन गेला तशी त्याची भावबांधणीही मोडली. दट्ट्या असेपर्यंतच चालणारी व्यवस्था होती ती.

दुसरा करार: तांब्याचा पत्रा

आता आपल्याकडे येऊ. १६३०च्या सुमारास शाहजहानचा वजीर आसफ खान दक्षिणेत मोहिमेवर आला. त्याच्या फौजेला धान्य पुरवायला जंगी आणि भंगी हे दोन नायक आले. परंपरा सांगते की त्यांच्याकडे मिळून १,८०,००० बैल होते. त्यांचा प्रतिस्पर्धी भगवानदास, त्याच्याकडे ५२,०००. आकडे गाण्या-गोष्टींतून आलेत, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

ही परंपरा कुणी लिहून ठेवली? कंबरलेज नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने, आपल्या शेजारच्या वणी भागात नोकरी करताना, १८६९च्या आसपास. पुढे रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या १९१६च्या ग्रंथातही ती आली.

तर परंपरेप्रमाणे आसफ खानाने ह्या नायकांना सोन्याच्या अक्षरांचा एक ताम्रपट दिला. त्यातली कलमं मी माझ्या शब्दांत सांगतो. पाणी कुठेही मिळेल, गावकऱ्यांच्या घरच्या रांजणातलं सुद्धा. चारा कुठेही मिळेल, वेळ पडली तर झोपडीच्या छपरावरचं गवत सुद्धा. आणि दिवसाला तीन खून माफ. बदल्यात एकच अट होती. वजिराचे घोडे जिथे पोचतील, तिथे नायकांचे बैल पोचलेच पाहिजेत.

हा करार वाचला की मला तर मजाच वाटते, कारण ड्राफ्टिंग एकदम पक्कं आहे. पाणी आणि गवत, म्हणजे धंद्याचा कच्चा माल, त्याची हमी. खून माफ, म्हणजे वाटेत अडवणाऱ्याशी मारामारी झाली तर कोर्टकचेरी नाही. आणि समोरून एकच सर्व्हिस लेव्हल: जिथे घोडा, तिथे बैल. तो ताम्रपट खरोखर तसाच होता की गोष्टीत मोठा झाला, ते सोडा. वाहणाऱ्या समाजाने आपल्या करारात काय महत्त्वाचं होतं हे दोनशे वर्षं तोंडपाठ ठेवलं, तेच पुष्कळ सांगून जातं.

पण ह्यात अजून एक माणूस आहे, ज्याची कुठेच सही नाही. ज्याच्या घरचा रांजण रिकामा झाला आणि ज्याच्या छपराचं गवत गेलं, तो गावकरी. वजिराने वाहतुकीचं बिल स्वतः दिलंच नाही, ते वाटेवरच्या गावांवर टाकलं. तांडा आला की गावाला धडकी भरणार, आणि राग वजिरावर निघणार नाही, तांड्यावरच निघणार. हाही धागा धरून ठेवा.

तिसरा करार: रोख पैसा आणि बाजारभाव

आता थेट १८व्या शतकाच्या शेवटी. मराठ्यांच्या छावणीसोबत मोठा बाजार चालायचा. वाणी, सराफ, कारागीर आणि बंजारे. शिपायाने आपल्या पैशाने बाजारातून खायचं. सरकारने बाजार सोबत चालता ठेवायचा.

मे १७९१ मध्ये ह्या बाजाराची ताकद इंग्रजांनी उपाशी पोटी पाहिली. लॉर्ड कॉर्नवॉलिस टिपू सुलतानाच्या श्रीरंगपट्टणापर्यंत पोचला, लढाई जिंकलासुद्धा, पण त्याचे बैल मेले होते आणि धान्य संपलं होतं. वेढ्याच्या तोफा स्वतःच निकामी करून त्याला मागे फिरावं लागलं. परतीच्या वाटेवर हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा भेटल्या. त्यांच्या बाजारात धान्यापासून कापडापर्यंत सगळं होतं. भाव चढे होते, पण माल होता. त्यानंतर इंग्रजांनी बंजारांना आपल्याकडे वळवायला जोर लावला.

बारा वर्षांनी, १८०३ साली, तो धडा मराठ्यांवरच उलटला. दुसरं इंग्रज-मराठा युद्ध. समोर दौलतराव शिंदे आणि आपले नागपूरकर रघूजी भोसले दुसरे. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. त्या वर्षी दख्खनेत दुष्काळाची छाया होती, पुणे-नगरकडे धान्य मिळत नव्हतं.

वेलस्लीची पत्रं वाचली तर वाटतं की हा माणूस लढाईपेक्षा बैलांचा विचार जास्त करतो. आणि बंजारांबद्दल त्याची समज स्वच्छ होती. हे लोक त्याचे नोकर नाहीत, धंदेवाईक वाहतूकदार आहेत. शांततेत जो धंदा करतात तोच युद्धात फौजेसोबत करतात. म्हणून त्याने हुकमापेक्षा पैशावर भिस्त ठेवली. धान्य खरेदीला गरज असेल तर आगाऊ रक्कम, म्हणजे आपली उचल. धान्य नायकाचं, विक्री छावणीत, बाजारभावाने. लूट नाही, रयतेकडून घेतलं तर पैसे मोजायचे, म्हणजे लोक धान्य लपवत नाहीत.

तरी कुरबुरी होत्याच. वेळेवर न येणं, कबूल केल्यापेक्षा कमी आणणं. सगळ्या व्हेंडर मॅनेजरांचं जे गाऱ्हाणं असतं तेच. म्हणून वेलस्लीने सगळी अंडी एका टोपलीत ठेवली नाहीत. बंजारे होते, छावणीचा बाजार होता, आणि शिवाय कंपनी सरकारचे स्वतःचे बैल आणि त्यांच्यावर राखीव साठा होता. रोजचं काम बाहेरच्यांकडे, पण दोन पाऊस जास्त झाले, नायक रुसला, रस्ता अडला, तर फौज उपाशी मरणार नाही एवढं स्वतःच्या हातात.

२३ सप्टेंबर १८०३ला असईची लढाई झाली. आज ते गाव जालना जिल्ह्यात आहे. त्यानंतर भोसल्यांनी जे केलं ते शाळेच्या पुस्तकात नसतं. निजामाच्या मुलुखातून वेलस्लीकडे रसदेचा मोठा काफिला निघाला होता, सुमारे १४,००० बैल. योगायोग बघा, मंडीने पाहिलेल्या तांड्याएवढाच. भोसल्यांनी त्याच्यावर सुमारे ५,००० घोडेस्वार सोडले. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी अंबडजवळ गाठ पडली. काफिल्यासोबत कॅप्टन बेन्सच्या हाताखाली थोडे शिपाई आणि म्हैसूरचे घोडेस्वार होते. त्यांनी हल्ला परतवला आणि बैल पुढे गेले.

भोसल्यांचं निशाण अचूक होतं. वेलस्लीची फौज नाही, तिची रसद तोडायची. तो काफिला लुटला गेला असता तर पुढचा महिना कसा गेला असता, सांगता येत नाही. पण तो पोचला. २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातल्या अडगावला भोसल्यांची फौज हरली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. त्या तहात वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला आणि निजामाला मिळाला. नदीच्या अलीकडे आपण, भोसल्यांकडे. पलीकडे वऱ्हाड, निजामाकडे. आपल्या जिल्ह्याला जिचं नाव आहे ती नदी सरहद्द झाली.

म्हणजे तीन करार झाले. खिलजीने धाक दाखवला. आसफ खानाने सवलती दिल्या, पण बिल गावकऱ्यांवर फाडलं. वेलस्लीने पैसे मोजले, संरक्षण दिलं आणि दुसरी सोय तयार ठेवली. इंग्रज काही धर्मात्मे नव्हते. पण वाहणाऱ्याचा धंदा समजून घेऊन जो दर ठरवतो त्याच्याकडे माल पोचतो, एवढं त्यांना कळलं होतं.

मग रेल्वे आली

शांततेच्या काळात बंजारे मीठ, धान्य आणि आपला कापूस वाहत होते. वऱ्हाडातला कापूस बैलांच्या पाठीवर पार मिर्झापूरला गंगेपर्यंत जायचा, तिथून होडीने कलकत्त्याला. गॅझेटियरमध्ये नोंद आहे की १८४२ साली अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांच्या ओझ्याइतका कापूस कलकत्त्याकडे रवाना केला.

१८६१ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाड-हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचा भाव आला. इंग्रजांना तो लवकर मुंबईला न्यायचा होता. १८६२ला नागपूरपासून वेगळा होऊन वर्धा जिल्हा झाला. १८६६ला पालकवाडीच्या जागी वर्धा शहर वसवायला सुरुवात झाली. १८६७ला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोचली. आपलं अख्खं शहर त्या रुळाच्या भोवती वाढलेलं आहे.

आणि तांडा? जे अंतर कापायला त्याला महिने लागत होते ते आता दिवसांवर आलं. बंजारांनी काही चूक केली नव्हती. दर वाढवले नव्हते, माल बुडवला नव्हता. फक्त गिऱ्हाइकाला त्यांची गरज राहिली नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी लांब गावांना, रूळ नसलेल्या भागांना काम उरलं असतं. पण आठवतंय ना, पाया काय होता? फुकट गवत. १८७८च्या वन कायद्याने रानं सरकारी राखीव होऊ लागली. चराईला परवाना आला, फी आली, दंड आला. रांजण आणि छपराचं जे कलम ताम्रपटात सोन्याच्या अक्षरांत होतं म्हणतात, ते एका कायद्याने खोडून टाकलं.

आणि तिसरा घाव. १८७१ला गुन्हेगार जमाती कायदा उत्तरेत सुरू झाला, १९११च्या कायद्याने तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करता येऊ लागला. ज्या भटक्या गटांवर तो लावला त्यात काही प्रांतांतले बंजारा गटही होते. नोंदणी, हजेरी, परवानगीशिवाय हलायचं नाही. ज्यांचं पोट हलण्यावर होतं, त्यांच्या हलण्यालाच गुन्ह्याचा वास लावला. ज्या इंग्रजांनी १८०३ला ह्यांना उचल दिली, त्यांच्याच नातवंडांच्या पिढीने हे केलं.

तेव्हा गावं तांड्याच्या बाजूने फारशी का उभी राहिली नाहीत? माझं मत सांगतो. जो खर्च सत्तेने शतकानुशतकं गावकऱ्यांवर टाकला, त्याचा राग तांड्याच्या नावावर जमा होत गेला होता. करारात तिसऱ्याच्या खिशात हात घातला की त्याची वसुली पुढे कधीतरी सगळ्यात कमजोर माणसाकडून होते.

१९५२ला तो कायदा रद्द झाला. महाराष्ट्रात बंजारा समाज आज विमुक्त जातींच्या यादीत आहे, तेलंगणात अनुसूचित जमातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत. एकच समाज, तीन राज्यांत तीन रकाने. ह्याच समाजातून पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक आले, १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री, आजवर सर्वात जास्त काळ सलग. आणि ह्याच समाजातली हजारो कुटुंबं आजही दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात. उचल तीच राहिली, पण आता बैल आणि धान्य स्वतःचं नाही, आणि भाव ठरवायची ताकदही नाही.

आता आपल्या कामाचं

तुमच्यातले बरेच जण नागपूर, पुण्याला वेअरहाउस, डिलिव्हरी, सप्लाय चेनच्या नोकरीत आहात. काही जण माझ्यासारखे त्यांचं सॉफ्टवेअर लिहिता. व्हेंडरचा करार समोर आला की चार प्रश्न विचारा.

एक, हा दर त्याला का परवडतो? त्याचं "फुकटचं गवत" काय आहे? रायडरचं स्वतःचं पेट्रोल, त्याचा झोपेचा वेळ, त्याच्या घरच्यांची मदत, असं काहीतरी असतंच. ते संपलं की तुमची सर्व्हिसही संपणार.

दोन, वाटेतली जोखीम कुणाची? वेलस्लीने काफिल्यासोबत शिपाई पाठवले. आपण बहुतेक वेळा फक्त ट्रॅकिंग लिंक पाठवतो.

तीन, उद्या तो आला नाही तर? थोडं तरी काम स्वतःला करता येतंय का?

आणि चार, जो प्रश्न ना वजिराने विचारला, ना वेलस्लीने, ना रेल्वे कंपनीने. काम संपलं की ह्या माणसांचं काय? करारात पेनल्टी, दंड, मुदत सगळं असतं. नोटीस किती दिवसांची, शेवटचं बिल कधी, दुसरं काम शिकायला मदत कोण करणार, हे एका ओळीत उरकलेलं असतं. रुळांना जे काम करायला वीस-तीस वर्षं लागली ते आता एका ॲप अपडेटमध्ये होतं. ती ओळ अर्ध्या पानाची झाली तर कंपनी बुडत नाही. पण ती नसली तर एका समाजाच्या किती पिढ्या जातात, ते आपण आत्ताच पाहिलं.

तुमच्या घरी, गावात तांड्याच्या काळातल्या काही गोष्टी, जुनी गोणी, वाटांची नावं, मुक्कामाच्या विहिरी असतील तर व्हॉइस नोट पाठवा. आजीआजोबांच्या आवाजात असेल तर फारच छान. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवेन. तोवर रामराम मंडळी, काळजी घ्या.